दोनशे चौदा नंबरचा न्हावी

एके काळी माझ्याकडे जपानी चित्रकथांचे अकरा दुर्मिळ खंड होते आणि त्यांतलं एक अक्षरही मला वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी स्वतःला संग्राहक वगैरे म्हणवून घेणार आहे, तेव्हा ते कशाच्या जोरावर म्हणतोय हे वाचकांना माहीत असावं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी कोपरगावच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. नुकतं लग्न झालं होतं, दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. गावात संग्रह करणारी माणसं अगदीच नव्हती असं नाही. आमचे एक ज्येष्ठ सहकारी सत्कारात मिळालेल्या शाली जमवत. त्या इतक्या साठल्या होत्या, की घडी न मोडलेल्या शाली ते पुढच्या सत्कारासाठी संस्थेला सवलतीत देत आणि त्यातली एखादी फिरून पुन्हा त्यांच्याच खांद्यावर येई. पण ते त्याला छंद म्हणत नसत, समाजकार्य म्हणत.

माझं सगळं सुरू झालं ते एका इंग्रजी मासिकामुळे. त्यात शेवटच्या पानावर पत्रमैत्री करू इच्छिणाऱ्यांचे पत्ते येत. तिथे ओसाकाचे एक गृहस्थ सापडले. वय एकावन्न, नोकरी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात, छंद काडेपेटीवरचे छाप जमवणे. मला काडेपेट्यांचं काही नव्हतं. मला परदेशाचं तिकीट लावलेलं पत्र पोस्टमनने कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सर्वांदेखत आणून द्यायला हवं होतं, इतकाच माझा उदात्त हेतू होता. मी दहा-बारा छाप पाकिटात घालून पाठवले. उत्तरात आभाराचं पत्र आलं आणि सोबत एक पुस्तक.

ती चित्रकथा होती. तिकडे त्यांना मंगा म्हणतात आणि आगगाडीत पोक्त माणसंही त्या वाचतात, असं त्याने लिहिलं होतं. त्याचं इंग्रजी शब्दकोशातून एकेक शब्द चिमट्याने उचलून मांडल्यासारखं होतं. गोष्ट एका न्हाव्याची होती. हा जाडजूड न्हावी पाठीवर हत्यारांची धोपटी टाकून गावोगाव हिंडतो. प्रत्येक गावात एक मिजासखोर तलवारबाज भेटतो. तो लोकांना छळतो, लोक वाकतात, न्हावी मात्र वाकत नाही. मग तलवार आणि वस्तरा यांची लढाई होते आणि शेवटच्या पानावर तलवारबाजाची शेंडी जमिनीवर पडलेली असते. एवढंच. मला हे साहित्य अतिशय आवडलं. आमच्या तालुक्याला अशा न्हाव्याची किती गरज होती हे मी रोजच बघत होतो.

ही मालिका चित्रकाराने स्वतःच छापली होती, फक्त तीनशे प्रती, एकूण बारा खंड. प्रत्येक खंडाच्या पहिल्या पानावर लाल शाईत प्रतीचा क्रमांक उठवलेला. माझ्या मित्राने दोन संच घेतले होते. एक ठेवण्यासाठी आणि दुसरा, पहिल्याला काही झालं तर ठेवण्यासाठी. त्या दुसऱ्या संचाचा क्रमांक होता दोनशे चौदा, आणि तो संच एकेक खंड करून तो मला पाठवणार होता. माझ्याकडून दर खंडाला पन्नास नवे छाप.

पन्नास नवे छाप कोपरगावात एका जागी मिळत नाहीत. मी राहात्याच्या आठवडी बाजारात पानटपऱ्या पालथ्या घातल्या. मग कुणीतरी सांगितलं की घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात चार राज्यांचे व्यापारी येतात, म्हणजे चार राज्यांच्या काडेपेट्याही येत असणार. मी बाजाराच्या दिवशी एसटीने तिथे गेलो. एक लांबचा व्यापारी म्हशीजवळ बसून बिडी पेटवत होता. त्याच्या पेटीवर मोराचा छाप होता, जो मी कधी पाहिला नव्हता.

"ती पेटी दाखवता का जरा?" मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हैस बगायला आला का पेटी?"

"पेटी."

त्याने शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "दलाल हाय ह्यो. आदी पेटीचं इचारतोय, मग हळूच म्हशीवर येनार."

मी शपथेवर सांगितलं की मला म्हैस नको. त्यावर त्याचा संशय आणखी वाढला. त्या बाजारात म्हैस नको असलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. शेवटी त्याला मी नवी कोरी पेटी देऊन ती जुनी घेतली, तेव्हा तो शेजाऱ्याला म्हणाला, "बगून ठिव, शिकल्यालं मानूस आसं असतंय."

असे एकामागून एक खंड आले. कधी सोबत बारीकसारीक वस्तूही असत. न्हाव्याच्या चित्राचा पातळ सुती पंचा आला. वस्तऱ्याच्या आकाराचा बिल्ला आला. न्हाव्याचं चित्र असलेलं टेलिफोनचं कार्ड आलं, ते तिकडे यंत्रात घालून फोन करतात. आमच्या एसटीडी बूथवाल्याने ते आपल्या मशिनीच्या प्रत्येक फटीत घालून पाहिलं आणि मग "सरकारनं अजून इकडं सोडलं नाही" असं म्हणून परत दिलं.

पत्रातून माझ्या मित्राने एकदा विचारलं, तुमचा धर्म कोणता? मी लिहिलं, आम्ही बौद्ध, माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. त्याने लिहिलं, मीसुद्धा बौद्ध, पण फक्त अंत्यविधीपुरता. हे मी वडिलांना वाचून दाखवलं. ते साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि दर पौर्णिमेला विहारात जात. ते म्हणाले, "त्याला लिही, आमच्यात मधल्या काळातही चालतं."

प्रत्येक खंडाबरोबर सूचनांचा एक कागद येई. उन्हात ठेवू नये. ओलाव्यात ठेवू नये. हात धुवून, पुसून, वाळवून मग हाताळावे. पुस्तक काटकोनापेक्षा जास्त उघडू नये. शक्य असल्यास उघडूच नये.

"मग पाठवतात कशाला?" बायकोने विचारलं.

"संग्रहासाठी."

"आणि संग्रह कशासाठी?"

मी तिला हे समजावण्याचा प्रयत्न केला आणि ते समजावताना मलाही नीट समजलं नाही. आम्ही पुस्तकं उघडत होतोच. रविवारी दुपारी जेवण झालं की दोघं हात धुवायचो, न्हाव्याच्या पंच्याला पुसायचो आणि खंड काढायचो. अक्षरं वाचता येत नसल्यामुळे संवाद आमचे आम्हीच घालायचो. तलवारबाजांची वाक्यं मी म्हणायचो आणि न्हाव्याची ती. तिचा न्हावी फार कमी बोलायचा. मी पानभर फुशारक्या मारल्या की ती म्हणायची, "झालं? मान खाली घ्या."

अकरावा खंड आला आणि आम्ही दोघं अडकलो. त्यात न्हावी सगळ्या तलवारबाजांच्या मालकाच्या, म्हणजे त्या मुलखाच्या सरदाराच्या दारात पोचतो. दोन पानं भरून चित्र आहे. उजव्या पानावर वस्तरा उगारलेला न्हावी, डाव्या पानावर तलवार उपसलेला सरदार, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभे. आणि सरदार डोक्यावरचं शिरस्त्राण काढतो. तर तो संपूर्ण टकला असतो. खंड समाप्त.

"आता काय कापणार तो?" बायको म्हणाली.

हा प्रश्न आमच्या घरात कित्येक आठवडे चालला. भाजी निवडताना तिला मध्येच काहीतरी सुचायचं. "मिशी असेल हो." मी जाऊन बघून यायचो. मिशी नव्हती.

बाराव्या खंडासाठी मी ऐंशी छाप पाठवले. उत्तर आलं ते वेगळंच. माझा मित्र जानेवारीत सहलीबरोबर अजिंठा-वेरूळ पाहायला येणार होता. त्यातला एक दिवस चुकवून तो कोपरगावला येणार होता. बारावा खंड तो स्वतः घेऊन येणार होता, कारण तो लाकडी पेटीत होता आणि पेटीत सरदाराची मातीची मूर्तीही होती. त्याला माझा संग्रह पाहायचा होता. पुढचं वाक्य त्याने अधोरेखित केलं होतं. संग्रहाची अवस्था समाधानकारक असल्यास पेटी देण्यात येईल.

अवस्था उत्तम होती. एकही पान दुमडलेलं नव्हतं. मी तसं कळवलं आणि आनंदाच्या भरात एक चूक केली. ही बातमी गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या अध्यक्षांना सांगितली.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त विस्तार अधिकारी. सगळे त्यांना आण्णा म्हणत. विस्तार हा त्यांच्या स्वभावातच होता. वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आला होता. ते संध्याकाळी आमच्याकडे आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, यंदा आपण आंतरराष्ट्रीय ग्रंथदालन करतोय."

"कोणते ग्रंथ?"

"तुमचे."

मी नाही म्हणालो. त्यांनी सांगितलं की दालनावर "यांच्या सौजन्याने" असं लिहून माझं नाव मोठ्या अक्षरांत येईल. मी बायकोकडे पाहिलं. तिने मानेने नाही म्हटलं. मी आयुष्यभर अशा पाट्यांची, हारांची, सौजन्यांची टिंगल केलेली आहे, वर्गातही केलेली आहे. मी आण्णांना विचारलं, "किती मोठ्या अक्षरांत?"

खंड दिले. सूचनांचा कागद मराठीत करून सोबत दिला. आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे पेपर तपासायला पुण्याला गेलो. पंधरा दिवस तिकडेच होतो.

परत आलो तो थेट वाचनालयात. तिथली एक पद्धत सांगितली पाहिजे. आमच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की आधी नोंदवहीत चढतं, मग त्याच्यावर जांभळा लंबगोल शिक्का बसतो आणि मग ते बांधणीला जातं. बांधल्याशिवाय कुठलंही पुस्तक वाचकाच्या हाती द्यायचं नाही, हा संस्थापकांच्या काळापासूनचा नियम. त्यासाठी वर्षातून दोन महिने एक बाईंडर येऊन व्हरांड्यात बसत. मोरचूद घातलेली खळ, दाभण, दोरा, पुठ्ठे, असा त्यांचा संसार मांडलेला असे. कामाला एक नंबर माणूस. त्यांनी बांधलेलं पुस्तक दोन पिढ्यांनी आपटलं तरी उसवत नसे.

मला बघून ते म्हणाले, "सर, ती चित्रांची पुस्तकं तुमची व्हय? लई तरास दिला बगा त्यांनी."

"कसला त्रास?"

"समदी उलटी बांधलेली! एकादं चुकतं, आमी समजू शकतो. पन अकराच्या अकरा? कुठला बाईंडर हुता कुनास ठावं."

"मग काय केलंत?"

"काय करनार? उलट्या बाजूची शिलाई कापून टाकली, सरळ बाजूनं बांधली. आता बगा, आपल्या पुस्तकावानी उघडतंय का न्हाई."

त्यांनी अकरावा खंड माझ्या हातात दिला. काळं रेक्झिन, लाल कापडी पाठ. मी तो डावीकडून उघडला आणि तो सुरेख उघडला.

"अहो, जपानी पुस्तकं तशीच असतात," मी म्हणालो. "उजवीकडून उघडतात."

त्यांनी दाभण खाली ठेवलं. माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "कशापायी?"

मी ते दोन पानी चित्र काढलं. पानांचा क्रम बरोबर होता, फक्त बाजू बदलल्या होत्या. उजवं पान डावीकडे आलं होतं आणि डावं उजवीकडे. त्यामुळे जे न्हावी आणि सरदार एकमेकांवर तुटून पडायला निघाले होते, ते आता एकमेकांकडे पाठ करून उभे होते. बांधावरून भांडण झालेल्या दोन भावांसारखे. न्हाव्याने वस्तरा बाहेरच्या समासाकडे उगारला होता. समासही राहिला नव्हता, कडा सारख्या करताना तो कापला गेला होता आणि त्याबरोबर वस्तऱ्याचं टोकही.

मी पहिलं पान पाहिलं. लाल क्रमांकावर पट्टीने सरळ रेघ मारलेली होती आणि खाली आण्णांच्या वळणदार अक्षरात वाचनालयाचा दाखल क्रमांक होता. तेवढ्यात आण्णाच आले.

"बघितलंत का सर? अकरा पुस्तकांना एकच नंबर! दोनशे चौदा, दोनशे चौदा, दोनशे चौदा. तिकडच्या ग्रंथपालांचा कारभार असा असेल असं वाटलं नव्हतं. मी स्वतः बसून दुरुस्त केले."

"आणि वरची रंगीत वेष्टणं?"

ती त्यांनी मोठ्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवली होती. वर लिहिलं होतं, "जपानी वाङ्मयाची झलक". खाली माझं नाव होतं. अक्षरं सांगितल्याप्रमाणे मोठी होती.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत. म्हणाली, "खरं कळवून टाका."

"पत्र पोचेपर्यंत तो निघालेला असेल."

"मग आला की सांगा."

"आणि बारावा खंड?"

तिने पुन्हा आग्रह केला नाही. टकल्याचा प्रश्न तिलाही होताच.

मी योजना आखली. त्याला गोदावरी दाखवायची, साखर कारखाना दाखवायचा, जेवू घालायचं आणि पुस्तकं बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, किल्ली मॅनेजरकडे आहे, मॅनेजर रजेवर आहे, असं सांगायचं.

"आपल्याला लॉकर आहे कुठे?" बायको म्हणाली.

"ते त्याला कुठे माहीत आहे?"

पण चार दिवसांनी आण्णांनी निमंत्रणपत्रिका हातात ठेवली. "जपानचे थोर ग्रंथप्रेमी यांचा जाहीर सत्कार." स्थळ वाचनालय. मी लॉकरचा नाद सोडला.

तो औरंगाबादहून टॅक्सीने आला. बुटका, नीटनेटका माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, छातीशी धरलेली बॅग. घरात आल्या आल्या त्याने बूट काढले, बायकोला वाकून अभिवादन केलं आणि हात धुवायला पाणी मागितलं. हात धुतले, स्वतःच्या रुमालाने पुसले आणि दोन्ही हात समोर हवेत धरून, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखा, माझ्याकडे पाहत उभा राहिला.

"पुस्तकं?" तो म्हणाला.

"वाचनालयात आहेत," मी म्हणालो.

"सुरक्षित?"

"फार," मी म्हणालो. हे अगदी खोटं नव्हतं. बांधणी भक्कम होती.

बायको माझ्याकडे पाहत होती. मी पायात चपला सरकवल्या. बॅग गळ्यात अडकवून आणि हात हवेतच धरून तो माझ्याबरोबर चालत निघाला. वाचनालयाच्या दारात दहा-पंधरा मंडळी हस्तांदोलनासाठी हात पुढे करून उभी होती. त्याने एकालाही हात लावला नाही, लांबूनच हात जोडले. आण्णा भारावून गेले. "बघा," ते सर्वांना म्हणाले, "परदेशी माणूस, पण नमस्कार! नाहीतर आपली पोरं."

व्यासपीठावर त्याला फेटा बांधला, शाल घातली आणि त्या वाळवलेल्या स्वच्छ हातांत शेंडीसकट नारळ ठेवला. नारळाच्या शेंडीकडे तो बराच वेळ बघत होता. मग आण्णांनी भाषण केलं. भारत-जपान संबंध प्राचीन काळापासून सुरू होऊन वाचनालयाच्या नव्या पत्र्यापर्यंत आले. आणि शेवटी, ज्याची मला धास्ती होती ते झालं. त्यांनी अकरावा खंड पाहुण्यांच्या हाती दिला.

त्याने तो सवयीने उजवीकडून उघडला. तिथे कोरा कागद आणि जांभळा शिक्का होता. त्याने मिटला. उलटा केला. डावीकडून उघडला. काटकोनात. पानं हळूहळू उलटत तो त्या दोन पानी चित्रापाशी आला आणि थांबला. न्हावी खिडकीकडे बघत होता, सरदार दरवाजाकडे.

"हे कोणी केलं?" त्याने मला विचारलं.

मी काही म्हणायच्या आत आण्णांनी ओळखलं की बांधणीची चौकशी चालू आहे आणि बाईंडरना वर बोलावलं. ते धोतराला हात पुसत आले.

"सांगा त्यास्नी," ते मला म्हणाले, "उलटं बांधून आलं हुतं, सरळ करून दिलं. पैशे न्हाई घेतलं, पाहुन्याचं काम म्हनून."

मी शब्दशः भाषांतर केलं. मग त्याने पहिलं पान काढलं आणि खोडलेल्या दोनशे चौदावरून हलकेच बोट फिरवलं. आण्णा माइकवर हळू आवाजात म्हणाले, "पाहुणे सद्गदित झाले आहेत."

त्याने खंड मिटला आणि बॅग उघडून त्यातून फिकट लाकडाची पेटी काढली, पारदर्शक कागदात बंद केलेली. मी हात पुढे केले. पण ती तो मला देत नव्हता. आजूबाजूला एवढे हात आणि खळीचा वास, तेव्हा ती शाबूत आहे ना हे पाहायला त्याने ती बॅगेतून काढून पोटाशी घट्ट धरली होती, एवढंच. आण्णांनी मात्र ते वेगळ्या अर्थाने घेतलं. सत्कारमूर्तीने सत्काराच्या वेळी बॅगेतून काही काढलं की ते संस्थेला भेट असतं, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

"आणि आता," आण्णा माइकवर कडाडले, "पाहुण्यांच्या वतीने वाचनालयास बारावा खंड सस्नेह भेट!"

टाळ्या पडल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने त्याला सांगितलं की यांचा गैरसमज झालाय, पेटी कृपा करून देऊ नका, ती माझ्यासाठी आहे.

त्याने मला विचारलं, "पेटी हे कुठे ठेवतील?"

मी आण्णांना विचारलं. आण्णांनी अभिमानाने उत्तरेच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेचं कपाट होतं. त्यात कोनशिला बसवतानाची चांदीची थापी होती, दोन ढाली होत्या आणि एका मंत्र्यांनी अभिप्रायवहीत सही केली ते पेन होतं.

"ते केव्हा उघडतात?" त्याने विचारलं.

"उघडतात?" आण्णा दुखावले. "आजपर्यंत एकदाही नाही! किल्ली कुठे आहे हेसुद्धा बघावं लागेल."

मी भाषांतर केलं. करायला नको होतं.

"ऊन?"

"येत नाही."

"ओलावा?"

"मुंगी जात नाही आत."

त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. माझा धीर सुटला. मी म्हणालो, "मित्रा, मला आणि माझ्या बायकोला तो खंड वाचायचा आहे."

"वाचायचा?" तो म्हणाला. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. मग तो उठला, फेट्यासकट कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी ती पेटी आण्णांना दिली.

किल्ली आण्णांच्या घरच्या जुडग्यात सापडली. पेटी थापीच्या आणि पेनच्या मध्ये बसली. कुलूप लागलं. माझा मित्र कपाटासमोर बराच वेळ समाधानाने उभा होता. मग आमच्याकडे येऊन त्याने पिठलं-भाकरी मनापासून खाल्ली आणि संध्याकाळच्या आत टॅक्सीने गेला. जाताना त्याने मला चाळीस छापांची यादी दिली. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पेटीवर काही चित्र होतं का? सरदाराच्या डोक्यावर टोपी वगैरे?"

पेटी दाखवावी म्हणून मी वाचनालयाकडे रीतसर अर्ज केला. कार्यकारिणीने तीन बैठका घेतल्या आणि ठराव केला. सदर ग्रंथ दुर्मिळ असल्याने इमारतीबाहेर नेता येणार नाही आणि मौल्यवान असल्याने इमारतीत उघडता येणार नाही. ठराव एकमताने झाला. मी आजीव सभासद असल्यामुळे त्याची प्रत मला विनामूल्य मिळाली.

त्यानंतर ओसाकाची पत्रं आण्णांच्या नावे येऊ लागली. संपूर्ण भारतात त्याला भेटलेला हाच खरा संग्राहक, असं त्याने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. ती पत्रं भाषांतरासाठी माझ्याकडे यायची. उत्तरंही आण्णा सांगायचे आणि मीच इंग्रजीत लिहायचो. एका रविवारी ते आमच्याच पलंगावर बसून मजकूर सांगत होते.

"लिहा, पेटी सुस्थितीत असून कपाट उघडलेले नाही. लिहा, आमच्याकडे दुसरेही एक कपाट आहे, तेही उघडत नाही."

मी लिहिलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने मला खूण केली. आण्णांची सही झाल्यावर मी तिच्याखाली बारीक अक्षरात माझी एक ओळ घातली. मित्रा, बाकी काही नको, न्हाव्याने टकल्या सरदाराचं काय केलं तेवढं कळव.

दीड महिन्याने उत्तर आलं. दोन पानं आण्णांना, हवेतल्या दमटपणाबद्दल. तळाशी माझ्यासाठी एक ओळ होती. ती मी आधी स्वतःशी वाचली आणि मग बायकोला मराठीत सांगितली.

"मला माहीत नाही. माझी प्रतही बंद आहे. ओळखीच्या सगळ्या संग्राहकांचीही."

ती हातातली मेथीची जुडी तशीच धरून उभी राहिली.

"म्हणजे तीनशे प्रती खपल्या," ती म्हणाली, "आणि एकानेही उघडलं नाही?"

"तसंच दिसतंय."

"मग त्या चित्रकाराने बारावा खंड काढला कशाला? कोरे कागद घातले असते तरी कुणाला कळलं असतं?"

मी तसं मित्राला विचारून पाहतो म्हणालो. "नका विचारू," ती म्हणाली, "त्याला झोप लागायची नाही," आणि ती मेथी निवडायला बसली.